मेंढीकोट, तीन-दोन-पाच, जजमेंट, ट्वेंटी-एट की ब्रिज? हातांच्या खेळांचा तुलनात्मक आढावा

पत्त्यांचा कॅट एकच, पण तो हातात घेतल्यावर काय खेळायचं यावरच निम्मा वेळ जातो. रमी, बदाम सात आणि चॅलेंज बाजूला ठेवले, तर आपल्याकडचे बहुतेक डाव एकाच सांगाड्यावर उभे आहेत. एकजण उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो. बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं. सगळ्यांत मोठं पान ज्याचं, तो ती पानं, म्हणजे एक ‘हात’, उचलतो आणि पुढची उतारी त्याची. रंग संपला असेल तर हुकमाने, म्हणजे बाकी रंगांवर भारी ठरलेल्या रंगाच्या पानाने, मारायचं किंवा नको असलेलं पान जाळायचं. मेंढीकोटपासून ब्रिजपर्यंत खेळायची पद्धत एवढीच.

फरक पडतो तो हिशोबात. मेंढीकोटमध्ये हातात आलेली ठरावीक पानं मोजतात. तीन-दोन-पाचमध्ये ठरलेला कोटा भरायचा असतो. जजमेंटमध्ये स्वतःचं भाकीत खरं करायचं, ट्वेंटी-एटमध्ये पानांचे गुण गोळा करायचे आणि ब्रिजमध्ये भिडूबरोबर बोली लावून ती निभवायची. हिशोब बदलला की तीच तेरा पानं वेगळी दिसू लागतात. बदामाचा एक्का मेंढीकोटमध्ये सोनं असतो आणि जजमेंटमध्ये शून्य बोलून बसलेल्याच्या गळ्यातलं लोढणं. म्हणून खेळ निवडताना ‘सोपा कोणता’ या प्रश्नाआधी ‘माणसं किती, वेळ किती आणि कशाचा हिशोब ठेवायला आवडेल’ हे विचारलेलं बरं.

| खेळ | माणसं | पानं | भिडू | हिशोब कशाचा | साधारण वेळ |
|---|---|---|---|---|---|
| सात-आठ | २ | ३० | नाही | ठरलेले हात | डावाला ५–६ मिनिटं |
| तीन-दोन-पाच | ३ | ३० | नाही | ठरलेले हात | डावाला ५–६ मिनिटं |
| मेंढीकोट | ४ (किंवा ६) | ५२ (किंवा ४८) | आहे | दश्श्या | डावाला ८–१० मिनिटं |
| ट्वेंटी-एट | ४ | ३२ | आहे | पानांचे गुण | डावाला ५–७ मिनिटं |
| जजमेंट | ३ ते ७ | ५२ | नाही | बोलल्याइतकेच हात | पूर्ण खेळाला पाऊण ते दीड तास |
| ब्रिज | ४ | ५२ | आहे | लिलावात बोललेले हात | डावाला ७–८ मिनिटं |

मेंढीकोट: चौघांचा पहिला खेळ

समोरासमोर बसलेले भिडू, बावन्न पानं, प्रत्येकी तेरा. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन पकडल्या की डाव तुमचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त, ते जिंकले. चारही एका बाजूला गेल्या की मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात गेले तर बावन्न पानी कोट. हा लागला की हरणारी जोडी बराच वेळ मान वर करत नाही.

खेळाचा सगळा रस दश्शीच्या जागेत आहे. तिच्यावर एक्का, राजा, राणी, गुलाम अशी चार पानं बसलेली. म्हणजे ती स्वतःच्या जिवावर सहसा हात करत नाही, तरीही डाव तिच्यावरच ठरतो. तिला भिडूच्या मोठ्या पानाखाली घरी आणावं लागतं, आणि ते कधी, हाच प्रश्न.

एक हात जवळून पाहू. भिडूने किलवरचा राजा उतरला. मधल्या प्रतिस्पर्ध्याने सत्ती टाकली. आता पाळी तुमची, हातात किलवरची दश्शी आणि चव्वी. तुमच्यानंतर एकजण बाकी आहे आणि एक्का अजून बाहेर आलेला नाही. नवखा इथे हमखास दश्शी टाकतो, कारण ‘राजा आपलाच आहे’. शेवटच्याने एक्का काढला की मेंढी गेली. चव्वी टाका आणि थांबा. मात्र भिडूने एक्काच उतरला असेल आणि तो रंग पहिल्यांदाच चालला असेल, तर दश्शी लगेच द्या. तेरा पानं चौघांत वाटलेली असताना पहिल्या फेरीत बहुधा सगळ्यांकडे तो रंग असतो. दुसऱ्या फेरीत कुणीतरी रिकामा निघण्याची भीती वाढते, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत दश्शी राखून ठेवणारा ती बहुतेक वेळा हुकमाखाली गमावतो.

हुकमाची मेंढी मात्र वेगळी. कुणी दुसरा रंग उतरला, तुमच्याकडे तो नाही आणि तुम्ही शेवटचे आहात, तर मारताना दुर्री-तिर्री न वापरता दश्शीनेच मारा. त्या हातात आधी कुणी मोठा हुकूम टाकलेला नसेल तर ती सुखरूप घरी आली.

हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती जास्त चालतात आणि खेळाचा स्वभाव त्यांनी बदलतो. कट हुकमात, ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा नसतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. इथे कमी पानांचा रंग हे भांडवल. एखाद्या रंगाचं एकच पान असेल तर तेच सुरुवातीला उतरून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढच्या वेळी आपल्या लांब रंगाला हुकूम करता येतो. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा एक पान पालथं ठेवतो आणि रंग नसलेला माणूस मागेल तेव्हा ते उघडतं. शिकाऊ चौकडीने कट हुकमाने सुरुवात करावी. बंद हुकमात ‘पालथं पान आत्ता खेळता येतं का’, ‘उघडायला सांगणाऱ्याने हुकूम टाकलाच पाहिजे का’ यावरून पहिल्याच तासात वाद होतात.

सहाजण असतील तर चारही दुर्र्या काढा. अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकी आठ, तीन-तीनचे दोन संघ, एकाआड एक बसून. चालतो, पण थोडा गोंगाटी होतो.

मेंढीकोटची उणीव सांगायची तर नशिबाचा वाटा मोठा आहे. तीन एक्के आणि दोन राजे आलेल्या जोडीला हरवायला दुसऱ्या जोडीकडे फारसं काही नसतं, कारण बोली नाही. वाईट पानांवर ‘मी कमी बोलतो’ म्हणायची सोय इथे नाही. ज्यांना नुसते हात मोजायचे आहेत त्यांनी कोट पीस खेळावा: पाच पानांवर हुकूम बोलायचा आणि सात हात करायचे. शिकवायला तो मेंढीकोटपेक्षाही सोपा, पण दश्शीची धाकधूक गेली की अर्धी मजा जाते.

तीन-दोन-पाच: तिघंच आहेत तेव्हा

कॅटमधून दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी वीस पानं काढा, शिवाय चौकट आणि किलवरच्या सत्त्या काढा. तीस उरली पाहिजेत. बदाम आणि इस्पिकची सत्ती राहते. प्रत्येकी दहा पानं. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, त्याच्या उजवीकडच्याने पाच, तिसऱ्याने तीन. पाचवाला पहिल्या पाच पानांवर हुकूम बोलतो, मग उरलेली वाटतात. पुढचा डाव उजवीकडचा वाटतो, त्यामुळे पाचवाला पुढच्या डावात दोनवर येतो, दोनवाला तीनवर आणि तीनवाला पाचवर. तीन डावांत सगळे सगळ्या जागा फिरून येतात.

हात दहा आणि तिघांचा मिळून कोटाही बरोबर दहाचा असल्यामुळे कुणाचे जितके जास्त झाले, तितकेच दुसऱ्या कुणाचे कमी झालेले असतात. मग पुढच्या डावात वसुली. ज्याचे जास्त झाले तो कमी झालेल्याच्या हातातून न बघता तितकी पानं ओढतो आणि बदल्यात नको असलेली देतो.

हीच वसुली खेळाची जान आणि हीच त्याची खोट. एकदा दोन हातांनी बुडालेला माणूस पुढच्या डावात एक्का-राजा गमावून बसतो, मग पुन्हा बुडतो. तासाभरात एकजण कंटाळून उठतो आणि तिघांचा खेळ दोघांचा होतो. त्यावर दोन उपाय आहेत. एका डावात जास्तीत जास्त दोनच पानं ओढायची अशी मर्यादा घाला. आणि परत देताना ओढलेल्या रंगाचंच पान द्यायचं की कुठलंही चालेल, हे आधी ठरवा. ‘कुठलंही’ ठरलं तर ओढणारा छोटा रंग रिकामा करून घेतो आणि त्याचा दुप्पट फायदा होतो.

दोघंच असाल तर त्याच तीस पानांचा सात-आठ आहे. प्रत्येकी पंधरा पानं, हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, वाटणाऱ्याने सात. वेळ घालवायला ठीक. पण दोघांत सगळी पानं वाटली गेल्यामुळे समोरच्याकडे काय आहे हे जवळजवळ उघडच असतं, आणि चांगल्या स्मरणशक्तीचा माणूस सतत जिंकतो.

जजमेंट: माणसं कितीही असोत

लग्नघर, दिवाळीची सुट्टी, रेल्वेचा लांबचा प्रवास, पाच-सहाजण, त्यात एखादं दहा वर्षांचं पोर: अशा ठिकाणी जजमेंटला तोड नाही. काही घरांत याला कचुफूल म्हणतात. बाहेरच्या देशांत साधारण हाच खेळ ओ हेल नावाने चालतो.

प्रत्येक फेरीत पानांची संख्या एकाने बदलते, हुकूम इस्पिक, चौकट, किलवर, बदाम असा क्रमाने फिरतो आणि पानं बघून प्रत्येकजण आपले किती हात होतील ते बोलतो. बोलले तितकेच झाले तर दहा अधिक बोली इतके गुण. एक कमी किंवा एक जास्त, दोन्हीला शून्य. वाटणारा सगळ्यांत शेवटी बोलतो आणि त्याला एक बंधन: एकूण बोली फेरीतल्या हातांइतकी होता कामा नये. म्हणजे दर फेरीत किमान एकजण पडणारच. हे बंधन काही घरांत ‘जाऊ दे’ म्हणून सोडतात. सोडू नका, ते काढलं तर अर्ध्या फेऱ्या सगळे आरामात पास होतात.

किती पानांपासून सुरुवात? चौघांत तेरा, पाचजणांत दहा, सहाजणांत आठ, सातजणांत सात ही वरची मर्यादा. पण पाचजणांनी दहापासून एकपर्यंत आणि परत दहापर्यंत जायचं म्हटलं तर वीसेक फेऱ्या होतात आणि शेवटी हिशोबनीसच पेंगतो. आठपासून एकपर्यंत खाली येऊन थांबा, पाऊण तासात आटपतं.

आता बोली. नवख्यांचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकतो तो एका पानाच्या फेरीत. चौघांत एकेक पान, इस्पिक हुकूम, उतारी तुमची, हातात बदामाचा एक्का. ‘एक’ बोलणार ना? उरलेल्या ५१ पानांत हुकमाची तेरा आहेत आणि बाकी तिघांपैकी एकालाही त्यातलं आलेलं नसण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. याउलट हातात इस्पिकची दुर्री असती तर ती शक्यता ४४ टक्के. हुकमाची सगळ्यांत लहान पत्ती दुसऱ्या रंगाच्या एक्क्यापेक्षा सरस! आणि उतारी तुमची नसेल तर बदामाचा एक्का बहुतेक वेळा नुसतं जळतं पान, दुर्री मात्र तिथल्या तिथेच.

मधल्या फेऱ्यांत उलट चूक होते. पाचजण, पाच-पाच पानं म्हणजे पंचवीस वाटली, सत्तावीस बाहेर. तुमच्याकडे राजा आहे. त्या रंगाचा एक्का दुसऱ्या कुणाच्या हातात असण्याची शक्यता ४७ पैकी २०, म्हणजे ४३ टक्केच. निम्म्याहून जास्त वेळा तुमचा राजाच त्या फेरीत त्या रंगातला सर्वांत मोठा असतो, आणि लोक तो न मोजता बोलतात, मग नको असलेले हात गळ्यात येऊन पडतात.

खेळताना आधी एकूण बोलीकडे बघा. ती हातांपेक्षा जास्त असेल तर सगळे हात ओढायला बसलेत, तुमची पक्की पानं लवकर काढा. कमी असेल तर सगळे अंग चोरणार. तेव्हा मधली पानं, अठ्ठी-नव्वी-दश्शी, सुरुवातीलाच दुसऱ्याच्या मोठ्या पानाखाली जाळून टाका, नाहीतर शेवटच्या दोन हातांत तीच तुम्हाला बुडवतात.

गुणपद्धतीत एक भोक आहे. शून्य बोलून शून्य केलं की दहा, तीन बोलून तीन केले की तेरा. जोखीम कितीतरी जास्त आणि मिळकत तीनची. त्यामुळे काहीजण सतत शून्य बोलत बसतात. शून्याला पाचच गुण द्या, किंवा दहामध्ये बोलीचा वर्ग मिळवा: तीनला १९, चारला २६. वर्गाची पद्धत चुरस वाढवते, पण मग मागे पडलेला माणूस शेवटी आंधळेपणाने मोठं बोलतो. मुलं खेळत असतील तर पाचवाली बरी.

याच घराण्यातला कॉल ब्रेक फोनवर फार चालतो. चौघं, हुकूम कायम इस्पिक, वरचं पान असेल तर मारणं सक्तीचं, पाच डाव. जास्तीच्या हाताला दशांश गुण मिळतात, त्यामुळे जजमेंटमधली ‘नेमकं तितकंच’ ही तार त्यात नाही. प्रत्यक्ष टेबलावर जजमेंट सोडून तो खेळायचं मला तरी कारण दिसत नाही.

ट्वेंटी-एट: चौघांना मेंढीकोट पुरेनासा झाला की

हा केरळचा. नोकरी-शिक्षणामुळे हॉस्टेलांत आणि ऑफिसच्या सुट्टीत इकडेही पोचला. दुर्री ते छक्की काढून बत्तीस पानं. क्रम ऐकून पहिल्यांदा सगळेच दचकतात: गुलाम सर्वांत मोठा, मग नव्वी, एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. गुलामाचे तीन गुण, नव्वीचे दोन, एक्का आणि दश्शीचा एकेक, बाकी शून्य. एका रंगात सात, चार रंगांत अठ्ठावीस.

आधी चार पानं वाटतात आणि त्यावर लिलाव. बोली किमान चौदाची, म्हणजे बरोबर निम्म्याची. जिंकणारा हुकमाचं एक पान पालथं ठेवतो, मग उरलेली चार पानं येतात. रंग नसलेला हुकूम उघडायला सांगेपर्यंत हुकूम गुप्त. यातलं वैशिष्ट्य हेच की अर्ध्या पानांवर बोली लावायची आणि उरलेल्या अर्ध्यांवर भिडूचा भरवसा ठेवायचा.

कुठे चुकतं? एक तर नव्वी. गुलाम बाहेर असताना नव्वी उतरली की एकाच हातात पाच गुण गेले. त्या रंगाचा गुलाम पडेपर्यंत किंवा भिडूकडे आहे हे कळेपर्यंत नव्वी धरून ठेवा. दुसरं, राजा-राणी उतरून हात करायची मेंढीकोटची सवय. इथे राजा पाचव्या नंबरचा आणि बिनगुणाचा, तो जाळण्याच्या कामाचा. तिसरं, हुकूम उघडायची घाई. विरोधकांच्या हातात गुणच नसतील तर हुकूम उघडून तुम्ही बोली लावणाऱ्यालाच मोकळं करता, कारण त्याचं अडकलेलं पान त्याच्या हातात परत येतं.

ट्वेंटी-नाइन हा याचाच भाऊ, बंगाल आणि नेपाळकडे जास्त. त्यात हुकमाच्या राजा-राणीची जोडी दाखवली की बोली चार गुणांनी वरखाली होते. एक शिकला की दुसरा आलाच.

मेंढीकोट चांगला येणाऱ्या चौकडीला मी ट्वेंटी-एट आधी सुचवेन, ब्रिज नंतर. आठच हात, डाव झटपट संपतो आणि बोलीची सवय लागते. शिकायला एक संध्याकाळ पुरते, फक्त पानांचा क्रम एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा.

ब्रिज: सहा महिने द्यायची तयारी असेल तर

बाकी खेळ एका बैठकीत येतात, ब्रिज येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘चला ब्रिज शिकू’ म्हणून बसलेल्या बऱ्याच चौकड्या तिसऱ्या रविवारी परत मेंढीकोटवर येतात. आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज ज्या गुणपद्धतीवर चालतो ती हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये बांधली.

यात दोन खेळ एकाला एक जोडलेले आहेत. आधी लिलाव: सहा हात गृहीत धरून वर किती करू ते बोलायचं, एक ते सात. रंगांची चढण किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांत वर बिनहुकूम. मग खेळ: करार, म्हणजे लिलावातली शेवटची बोली, घेणाऱ्याच्या डावीकडचा उतारी करतो आणि भिडूची तेरा पानं टेबलावर उघडी पडतात. त्याला डमी म्हणतात, तो त्या डावापुरता नुसता बघ्या. इथे मेंढीकोटवाल्यांची एक बारीकशी पंचाईत होते. आपल्याकडे वाटप आणि खेळ उजवीकडे फिरतात, ब्रिजमध्ये डावीकडे, घड्याळाप्रमाणे. पहिले काही दिवस भलत्याच माणसाचं पान आधी पडतं.

सुरुवातीला लागणारे आकडे थोडे आहेत. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, सगळ्या कॅटमध्ये चाळीस. साधारण बारा गुणांवर बोली उघडायची. भिडूने उघडली तर सहा गुणांवर उत्तर द्यायचं. दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस असतील तर ‘गेम’ची, म्हणजे जास्तीचे गुण देणाऱ्या बोलीची, उडी: बिनहुकूम तीन, म्हणजे नऊ हात, किंवा बदाम-इस्पिकचे चार, म्हणजे दहा. किलवर-चौकटचे पाच म्हणजे अकरा हात लागतात, त्यासाठी अठ्ठावीस-एकोणतीस गुण असलेले बरे. एवढ्यावर एक महिना काढा. नवखे बुडतात ते इथेच: पान कसं खेळायचं हे कळण्याआधी बोलीच्या दहा-बारा कृत्रिम पद्धती पाठ करतात, भिडूला त्यातल्या सात आठवतात, आणि करार भलताच ठरतो.

त्यापेक्षा मिनी-ब्रिजने सुरुवात करा. लिलाव नाही. प्रत्येकजण आपले गुण मोठ्याने सांगतो. ज्या जोडीचे जास्त, त्यातला जास्त गुणांचा माणूस खेळतो. भिडूची पानं उघडी होतात, ती बघून तो हुकूम आणि करार ठरवतो. आठ-दहा बैठकांत हात मोजण्याची नजर येते. मग लिलाव शिकायला निम्मा त्रास होतो.

खेळण्यातला खरा आनंद मोजण्यात आहे. तेरा पानांचा रंग, तुमच्या आणि डमीच्या मिळून आठ, बाहेर पाच. ती तीन-दोन वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के, चार-एक २८, पाच-शून्य ४. बाहेर चारच असतील तर गंमत उलटी: दोन-दोन ४१ टक्के, तीन-एक ५० टक्के. सम संख्या सहसा समान फुटत नाही, विषम संख्या शक्य तितकी सारखी फुटते, एवढं ध्यानात ठेवलं तरी मेंढीकोट आणि कोट पीससुद्धा सुधारतात. मोजताना पडलेली पानं मोजू नका, बाहेर उरलेली मोजा. पाचातून वजा करणं तेरापर्यंत बेरीज करण्यापेक्षा सोपं.

नशीब कमी करायचं तर ड्युप्लिकेट. तेच वाटलेले डाव दुसऱ्या टेबलांवरही खेळले जातात आणि तुमची तुलना तुमच्याच दिशेला तीच पानं घेऊन बसलेल्यांशी होते. वाईट पानं आली तर त्यांनाही आलेली असतात. पत्त्यांचे इतर घरगुती डाव हे देत नाहीत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजला जागा मिळाली. तिथे पुरुषांच्या जोडीत भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन साठीला पोचलेले होते. चौथा भिडू मिळत नसेल तर ब्रिज बेस ऑनलाइनवर यंत्राशी खेळता येतं. परदेशात विखुरलेल्या मराठी मंडळींसाठी हा सोयीचा मार्ग आहे.

ब्रिजची अडचण माणसांची आहे. चौघांची पातळी जवळपास एक लागते. एकजण रोज वाचणारा आणि तिघे रविवारचे असले की भिडूवर चिडचिड सुरू होते. नवरा-बायकोने सुरुवातीला एकमेकांचे भिडू होऊ नये, असं क्लबांत हसत सांगतात. ते खोटं नाही.

मग निवड कशी करायची

माणसं येत-जात असतील, कधी चार कधी सहा, तर जजमेंट. दुसरा विचार करू नका. कायमचे चारजण आहेत पण कुणाला अभ्यास नको, तर मेंढीकोट, आणि वर्षाने ट्वेंटी-एट. चौघेही हिशोबी डोक्याचे आहेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ नक्की देतील, तर सरळ मिनी-ब्रिजला बसा. मधल्या खेळांची पायरी घ्यावीच लागते असं नाही. तिघंच असाल तर मी तीन-दोन-पाचपेक्षा जजमेंटकडे झुकेन. तीन-दोन-पाच अर्धा तास झकास, पुढे वसुलीचा जाच होतो.

हात टाळण्यात कुणाला मजा येत असेल तर हार्ट्स आहे. प्रत्येक बदामाचा एक आणि इस्पिकच्या राणीचे तेरा दंड-गुण. संगणकावर बऱ्याचजणांनी तो खेळलेला असतो. एकमेकांशी स्पर्धाच नको असेल तर ‘द क्रू’ नावाचा २०१९ चा जर्मन खेळ बघा. त्यात सगळे एकाच बाजूला असतात आणि ठरलेलं पान ठरलेल्या माणसाच्या हातात पडेल असं खेळायचं, तेही जवळजवळ न बोलता. पत्ते वेगळे घ्यावे लागतात.

सावंतवाडीच्या गंजिफ्याचं नाव निघतंच, म्हणून एवढं: तोही हातांचाच खेळ. दशावतारी संचात दहा रंगांची १२० गोल पानं, तिघांत प्रत्येकी चाळीस. हुकूम नाही, आणि निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा. संच सुंदर आहेत. पण चाळीस गोल पानं हातात धरून दहा रंगांची आठवण ठेवणं हा शौक आहे, सुट्टीतला विरंगुळा नाही.

कोणताही निवडा, पहिलं पान वाटायच्या आधी तीन गोष्टी तोंडी ठरवून घ्या. रंग असून दुसरं पान टाकलं तर काय? ब्रिजच्या नियमांत सहसा एक किंवा दोन हात दंड जातात, घरी सरळ एक हात द्यायचा ठरवा आणि चुकणाऱ्याने पुढच्या हाताआधी कबूल केलं तर माफ. दुसरं, शेवटचा पुरा झालेला हात उलटून बघता येतो का? बघता यावा, त्याआधीचा नाही. तिसरं भिडूंच्या इशाऱ्यांचं: ‘अरे काय टाकलंस!’ हेसुद्धा माहिती देणंच आहे. ते डाव संपेपर्यंत गिळायचं. आणि दोन कॅट ठेवा, वेगवेगळ्या पाठीचे. एक वाटला जातोय तोवर दुसरा पिसून तयार राहतो.